दहावीचं इंग्रजी : पाठ केलेला निबंध कमी का पडतो?

दहावीच्या इंग्रजीतलं लेखन आणि साहित्याची उत्तरं, या विषयावर प्रश्न पाठवा असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. काही प्रश्न राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातल्या, म्हणजे इंग्रजी तृतीय भाषा असलेल्या मुलांचे आहेत, काही आयसीएसईचे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत छापली आहेत. मुलांनी ती वहीत इंग्रजी लिपीत उतरवून काढावीत, तेवढाच स्पेलिंगचाही सराव होईल.

माझा मुलगा मराठी माध्यमात दहावीला आहे. गाइडमधली वीस पत्रं आणि पंधरा निबंध त्याने घोकून पाठ केलेत. घरी धडाधड म्हणून दाखवतो. तरी चाचणीत पत्राला पाचपैकी दोन, बातमीला दोन. चुकतंय कुठे? (एक वडील, सांगली)

मेहनत त्याने केली आहे, पण चुकीच्या जागी. 80 गुणांच्या या पेपरात पत्राला 5, संवाद किंवा भाषणाला 5, तक्ता-आकृतीवरून परिच्छेद लिहिण्याला 5 आणि बातमी किंवा कथेला 5 गुण असतात. त्यात सारांशाचे 5 आणि कवितेच्या रसग्रहणाचे 5 धरा. तीस गुण असे आहेत की जिथे प्रश्न दर वर्षी नवा असतो. पाठ केलेलं पत्र त्या नव्या प्रश्नाला बेतलेलं नसतं.

एक उदाहरण बघा. प्रश्न असा आला : शाळेसमोरच्या रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना तक्रारीचं पत्र लिहा. मुलाला पाणीटंचाईचं पत्र पाठ आहे. तो 'वॉटर'च्या जागी 'लाइट' घालतो आणि पुढे बायकांना लांबून हंडे आणावे लागतात हे वाक्य तसंच राहून जातं. तपासणाऱ्याला ते तिसऱ्या ओळीत कळतं. मग मांडणीचे गुण मिळतात, मजकुराचे जातात. तुमच्या मुलाचे दोन गुण बहुतेक असेच आलेले असणार.

पेपर हातात आला की प्रश्नात चार गोष्टींखाली पेन्सिलने रेघ मारायची : कोण लिहितंय, कोणाला, कशाबद्दल, आणि शेवटी काय हवंय. मग पत्रात हे यायलाच हवं : जागा कुठली, कधीपासून, कोणाला नेमका काय त्रास, काय करावं अशी विनंती. मधला परिच्छेद एवढा साधा असला तरी चालतो :

'द थ्री स्ट्रीट लाइट्स आउटसाइड अवर स्कूल हॅव नॉट वर्क्ड सिन्स द टेन्थ ऑफ जून. अवर एक्स्ट्रा क्लासेस एंड ॲट सेव्हन, अँड द स्मॉलर चिल्ड्रन हॅव टू वॉक पास्ट ॲन ओपन ड्रेन इन द डार्क.'

दोनच वाक्यं. अवघड शब्द एकही नाही. पण तीन दिवे, दहा जून, सात वाजता, उघडं गटार हे सगळं डोळ्यासमोर येतं. 'वी आर फेसिंग मेनी प्रॉब्लेम्स' या वाक्याने काहीच येत नाही.

मांडणीत दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे अर्धं पत्र डावीकडे आणि सही उजवीकडे. शाळेत शिकवलेला एकच आराखडा धरा, दोन मिसळू नका. दुसरी म्हणजे 'युअर्स फेथफुली'मधल्या 'युअर्स'वर ॲपॉस्ट्रॉफी देणं, तिथे ती नसते. आणि स्वतःचं खरं नाव, गाव, शाळा उत्तरपत्रिकेत लिहायची नाही. प्रश्नात नाव दिलं असेल तर तेच, नसेल तर 'अ ब क'.

बातमीचं म्हणाल तर ती निबंधासारखी लिहिली जाते, म्हणून गुण जातात. मथळा छोटा, खाली गाव आणि तारीख, पहिल्याच वाक्यात कोणी, काय, कुठे, केव्हा. पूर्ण मजकूर भूतकाळात. 'आय' आणि 'वी' कुठेच नाही. 'वी एन्जॉइड व्हेरी मच' असं वार्ताहर लिहीत नाही. तक्त्यावरच्या परिच्छेदात आधी तक्ता कशाचा आहे ते एका वाक्यात, मग सर्वांत मोठा आकडा, सर्वांत लहान, दोघांची तुलना. आपलं मत घालायचं नाही, दिलेला एकही आकडा सोडायचा नाही.

पाठांतर पूर्ण सोडा असं मात्र आम्ही म्हणणार नाही. 'आय ॲम रायटिंग टू ब्रिंग टू युअर नोटिस दॅट', 'आय शॅल बी ग्रेटफुल इफ' अशी आठ-दहा वाक्यांची सुरुवात पाठ असावी. आणि गाइडमधलं एकच पत्र घेऊन त्याची चार पत्रं करायला सांगा : दिव्यांचं, खड्ड्यांचं, कचऱ्याचं, बंद पडलेल्या वाचनालयाचं. आठवडाभरात फरक दिसेल.

मी आधी मराठीत विचार करते आणि मग इंग्रजी करते. बाई म्हणतात, इंग्रजीतच विचार कर. ते कसं करायचं? (दहावीतली विद्यार्थिनी, जुन्नर)

मराठीत विचार करणं हा दोष नाही, मनातून काढून टाक. काय सांगायचं ते मराठीत ठरवायला काहीच हरकत नाही. अडचण येते ती मराठी वाक्याचा सांगाडा तसाच उचलून वर इंग्रजी शब्द चढवले की. आणि गंमत अशी, की हे सांगाडे मोजकेच आहेत. मराठी मुलांच्या वह्यांमध्ये त्याच त्या आठ-दहा चुका पुन्हा पुन्हा दिसतात. त्या ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

पहिली चूक आपल्या चांगल्या वळणामुळे होते. आपण वडिलांना 'ते' म्हणतो. म्हणून मुलं लिहितात, 'माय फादर आर अ फार्मर. दे गो टू द फील्ड अर्ली.' इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही. 'माय फादर इज अ फार्मर. ही गोज टू द फील्ड अर्ली.' यात वडिलांचा अपमान होत नाही. 'गोज'मधला शेवटचा 'एस' विसरू नकोस, कारण 'दे' गेलं की तो लागतो.

दुसरी, 'जरी... तरी'. मराठीत दोन्ही लागतात, इंग्रजीत एकच. 'दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' चूक. 'दो' ठेव नाहीतर 'बट' ठेव. 'कारण... म्हणून'चंही तसंच : 'बिकॉज आय वॉज इल, सो आय स्टेड ॲट होम' यातला 'सो' काढ.

तिसरी म्हणजे आपला 'की'. 'त्याने विचारलं की तू कुठे चाललीस' याचं 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग' होतं. इंग्रजीत इथे 'दॅट' येत नाही, प्रश्नाची उलटापालट सरळ होते आणि 'तू'चा 'मी' होतो : 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.'

चौथी, 'आहे'. 'मला दोन बहिणी आहेत' म्हणजे 'आय हॅव टू सिस्टर्स', 'आय ॲम हॅविंग' नाही. डोकं दुखतंय म्हणजे 'आय हॅव अ हेडेक', 'माय हेड इज पेनिंग' नाही.

पाचवी सर्वांत चिवट आहे : 'अ', 'ॲन', 'द'. मराठीत असं काही नाहीच, म्हणून कान सांगत नाही. एक नियम धर. मोजता येणारं, एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं राहत नाही. त्याच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी हवंच. 'आय सॉ डॉग' उघडं आहे. पहिल्यांदा सांगताना 'अ डॉग', त्याच कुत्र्याबद्दल पुढे बोलताना 'द डॉग'. 'ॲन' कुठे, ते अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं : 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

मग विभक्ती. 'त्याच्याशी लग्न' म्हणून 'मॅरिड विथ' होतं, हवं 'मॅरिड टू'. 'याबद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट' होतं, हवं नुसतं 'डिस्कस'. वेळेसाठी : सहा वाजता 'ॲट', सोमवारी 'ऑन', जूनमध्ये 'इन'.

आणि एक चूक गोष्ट सांगताना होते. मराठीत आपण भूतकाळातली गोष्ट रंगवताना मध्येच वर्तमानात येतो : 'मी दार उघडलं, बघते तर काय, समोर मामा उभा!' मराठीत हे जिवंत वाटतं. इंग्रजी निबंधात तीच काळाची चूक धरतात. गोष्ट भूतकाळात सुरू केलीस तर शेवटच्या ओळीपर्यंत भूतकाळातच ने.

आता एका मुलीच्या वहीत असावा तसा हा परिच्छेद बघ :

'यस्टर्डे आय वेंट टू मार्केट विथ माय ग्रँडमदर. दे बाय व्हेजिटेबल्स. दो शी इज ओल्ड, बट शी कॅरी हेवी बॅग. आय आस्क्ड दॅट कॅन आय हेल्प.'

चार वाक्यांत नऊ चुका आहेत. पुढे वाचण्याआधी स्वतः शोध. सुधारून तो असा होईल :

'यस्टर्डे आय वेंट टू द मार्केट विथ माय ग्रँडमदर. शी बॉट व्हेजिटेबल्स. दो शी इज ओल्ड, शी कॅरीड अ हेवी बॅग. आय आस्क्ड इफ आय कुड हेल्प.'

एक साधी वही कर, मधे उभी रेघ मार. डावीकडे चुकलेलं वाक्य, उजवीकडे सुधारलेलं. नियम लिहू नकोस, वाक्यच लिही. महिन्याभराने डावी बाजू वाचलीस की तुझ्या स्वतःच्या तीन लाडक्या चुका कळतील. परीक्षेत शेवटच्या पाच मिनिटांत सगळं तपासत बसायचं नाही, त्या तीनच शोधायच्या. आणि वाक्य आठ ते चौदा शब्दांचं ठेव. चूक बहुतेक वेळा विसाव्या शब्दानंतर होते.

मुलगी आयसीएसईला आहे. पेपर एकमधली, म्हणजे भाषेच्या पेपरातली गोष्ट ती छान रंगवते, पण लिहिता लिहिता पाचशे शब्द होतात आणि व्याकरणाचा प्रश्न घाईत जातो. (एक आई, ठाणे)

या पेपरला दोन तास आणि आधी वाचायला 15 मिनिटं मिळतात. निबंध 300 ते 350 शब्दांचा, 20 गुणांचा. त्यावर 30 मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका असं प्रश्नपत्रिकेतच छापलेलं असतं. व्याकरणालाही 20 गुण आहेत, आणि ते गुण निबंधाच्या गुणांपेक्षा पक्के. म्हणजे पाचशे शब्द लिहून ती पक्के गुण देऊन कच्चे घेते आहे.

आधी तिच्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते मोजा. समजा नऊ. मग 340 शब्द म्हणजे 38 ओळी. परीक्षेत शब्द मोजत बसायचं नाही, ओळी मोजायच्या.

वाचनाच्या 15 मिनिटांत विषय निवडून व्हायला हवा. लिहायला मनाई असते, विचाराला नसते. मग चार मिनिटं आराखडा, 22 मिनिटं लेखन, चार मिनिटं तपासणी.

गोष्ट लांबते ती आवाका मोठा घेतल्यामुळे. 340 शब्दांत एक जागा, दोन माणसं आणि फार तर एक तासाचा काळ बसतो. सकाळी उठण्यापासून सुरुवात केली की शंभर शब्द दात घासण्यात जातात. घटनेच्या अगदी जवळून सुरुवात करावी. आणि 'ते सगळं स्वप्न होतं' असा शेवट कधीच करू नये. गोष्ट कुठे न्यावी हे सुचलं नाही, याची ती कबुली असते.

वर्णनाचा विषय आला तर विशेषणं ओतण्याऐवजी नेमकी वस्तू दाखवावी. पावसातल्या एसटी स्टँडवर 'इट वॉज अ ब्यूटिफुल अँड ग्लूमी डे' लिहिण्यापेक्षा 'द बस केम इन विथ इट्स वायपर टाइड अप विथ स्ट्रिंग' लिहिलं की पाऊस, गाडी आणि ड्रायव्हर तिन्ही दिसतात. अशी तीन वाक्यं निबंधात असली तरी पुरे.

वादाच्या विषयात एक बाजू घ्यायची आणि तीच धरायची. दोन्ही बाजू सारख्या तोलल्या की उत्तराला कणा राहत नाही. विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मान्य करून त्याला उत्तर द्यायचं, तेवढं पुरतं. चित्रावरचा निबंध सोपा वाटतो, पण चित्रातलं दिसेल असं काहीच न येता भलतीच गोष्ट लिहिली तर गुण कापले जातात.

आम्हाला शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' हे नाटक आहे. पूर्ण नाटकाची गोष्ट मला पाठ आहे, तरी मोठ्या उत्तराला निम्मेच गुण मिळतात. शेरा असतो, 'गोष्ट सांगू नकोस'. मग सांगू काय? (विद्यार्थी, नागपूर)

तपासणाऱ्याला गोष्ट माहीत आहे. तुला प्रश्नातल्या दाव्याबद्दल काय वाटतं आणि ते नाटकात कुठे दिसतं, हे त्याला हवंय.

समज प्रश्न आला : ब्रूटस माणूस चांगला, पण राजकारणी म्हणून कच्चा, चर्चा करा. (ब्रूटस म्हणजे सीझरच्या खुनाच्या कटातला एक.) गोष्ट सांगणारा मुलगा कटापासून सुरुवात करतो आणि चौथ्या पानावर फिलिपीला, म्हणजे शेवटच्या लढाईला पोचतो. तू तसं करू नकोस. ब्रूटसचे फक्त तीन निर्णय उचल. दुसऱ्या अंकात सीझरचा मित्र अँटनी याला मारायचं नाही असं तो ठरवतो. तिसऱ्या अंकात अँटनीला सीझरच्या अंत्यसंस्काराच्या वेळी बोलू देतो. चौथ्यात शत्रूची वाट न बघता फिलिपीकडे कूच करायचं ठरवतो. तिन्ही वेळा कटातला साथीदार कॅशियस याचं मत वेगळं असतं आणि तिन्ही वेळा ब्रूटस त्याचं ऐकत नाही. ही जोडणी केलीस की उत्तर उभं राहिलं, कारण ती नाटकात असली तरी कोणी तयार करून दिलेली नाही.

आता प्रत्येक निर्णयाला चार प्रश्न विचार : काय ठरवलं, का ठरवलं, नाटकातला पुरावा कोणता, आणि यातून ब्रूटसबद्दल काय कळतं? चौथ्या प्रश्नालाच जास्त गुण आहेत आणि तोच बहुतेक मुलं गाळतात.

मधला निर्णय जवळून बघू. ब्रूटसचं भाषण गद्यात आहे, अँटनीचं पद्यात. ब्रूटस तोलून मापून कारणं देतो. लोकांना ती पटतात असं वाटतं, पण गर्दीतला एक जण ओरडतो, यालाच सीझर करा! ज्या एका माणसाच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून खून केला, तीच सत्ता लोक खुन्याला द्यायला निघाले. म्हणजे त्यांना काहीच समजलेलं नाही, आणि हे ब्रूटसच्या लक्षातही येत नाही. वर तो लोकांना अँटनीसाठी थांबायला सांगून स्वतः निघून जातो. अँटनी मात्र सीझरचं मृत्युपत्र दाखवतो, वाचत नाही, लोकांना तरसवतो. सीझरचा जखमांनी फाटलेला झगा दाखवतो. प्रत्येक नागरिकाला 75 ड्रॅकमा, म्हणजे नाणी मिळणार हे अगदी शेवटी सांगतो. आणि 'ऑनरेबल' हा एकच शब्द इतक्या वेळा म्हणतो की त्याचा अर्थ उलटा होतो.

हे सगळं उत्तरात असं येईल :

'ब्रूटस लेट्स अँटनी स्पीक बिकॉज ही ट्रस्ट्स रीझन. हिज ओन स्पीच इज इन प्रोझ, शॉर्ट अँड बॅलन्स्ड, अँड ही लीव्ह्ज बिफोर अँटनी बिगिन्स. अ मॅन हू अंडरस्टुड क्राउड्स वुड हॅव स्टेड टू लिसन.'

शेवटचं वाक्य बघ. ते गोष्टीत नाही, ते तुझं आहे. प्रत्येक परिच्छेदात असं निदान एक वाक्य हवं.

उत्तराच्या शेवटाकडे प्रश्नाची दुसरी बाजू घे. पाचव्या अंकात खुद्द अँटनी ब्रूटसला सर्व रोमनांत उदात्त म्हणतो, कारण बाकीच्यांनी मत्सरापोटी मारलं आणि याने नाही. शत्रूच्या तोंडी आलेली स्तुती हा 'चांगला माणूस' या अर्ध्या दाव्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

थोड्या तांत्रिक गोष्टी. साहित्याचं उत्तर वर्तमानकाळात लिहायचं, 'ब्रूटस लेट्स', 'लेट' नाही. निबंधातली गोष्ट भूतकाळात आणि साहित्याचं उत्तर वर्तमानात, हे डोक्यात पक्कं कर, इथे खूप गोंधळ होतो. अवतरणं चार ते सहा शब्दांची, एकूण बारा-पंधरा पाठ कर, प्रत्येकासोबत कोण, कोणाला, कुठल्या अंकात. शब्द नक्की आठवत नसतील तर अवतरणचिन्ह न देता आशय लिही. कॅशियस आणि कॅस्का या कटातल्या दोघांची अदलाबदल करू नकोस. सिना दोन आहेत, कटातला वेगळा आणि गर्दीने मारलेला कवी वेगळा. आणि 'शेक्सपिअर हा थोर नाटककार होता' या वाक्याने उत्तर सुरू करू नकोस, त्याला गुण नाहीत. उताऱ्यावरच्या तीन गुणांच्या प्रश्नाला तीन वेगळे मुद्दे लागतात. एकच मुद्दा तीन वाक्यांत फिरवला तर एकच गुण.

कवितेच्या रसग्रहणात यमकरचना आणि अलंकार लिहिले तरी पूर्ण गुण मिळत नाहीत. (एक शिकवणी घेणाऱ्या ताई, नाशिक)

राज्य मंडळाच्या पेपरात रसग्रहणाला 5 गुण आहेत. शीर्षक आणि कवीचं नाव, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे असतात. त्यात मध्यवर्ती कल्पनेला सर्वांत जास्त वजन आहे आणि मुलं तिथेच एक ओळ लिहून मोकळी होतात.

रवींद्रनाथ टागोरांची 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर' ही कविता घ्या. बांगला मूळ टागोरांचं, इंग्रजी रूपही त्यांनीच केलेलं, 1912च्या इंग्रजी 'गीतांजली'तलं. पहिली चूक यमकाची होते. मुलं सवयीने 'ए बी ए बी' लिहितात. ही कविता मुक्तछंदात आहे, यमक नाहीच. यमक नसेल तर 'फ्री व्हर्स, नो रेग्युलर राइम स्कीम' असं लिहिलं की उत्तर बरोबर आहे. घाबरून यमक शोधायचं नाही.

अलंकाराचं नुसतं नाव लिहून अर्धंच काम होतं. नाव, ओळ आणि कारण, तिन्ही हवं. 'द क्लिअर स्ट्रीम ऑफ रीझन' हे रूपक, कारण विवेकाला झरा म्हटलंय. 'टायरलेस स्ट्रायव्हिंग स्ट्रेचेस इट्स आर्म्स' हे चेतनगुणोक्ती, कारण प्रयत्नाला हात दिलेत. 'व्हेअर'ची पुनरावृत्ती तर डोळ्यातच भरते.

आणि मध्यवर्ती कल्पना. ही कविता मुलांना मोठ्याने, न थांबता वाचायला लावा. त्यांना कळेल की 'व्हेअर... व्हेअर...' करत सगळ्या ओळी लांबत जातात आणि वाक्य पुरं होतं ते अगदी शेवटी, 'लेट माय कंट्री अवेक' इथे. एकच वाक्य आहे, एक प्रार्थना आहे. म्हणजे स्वातंत्र्य टागोरांना नुसतं परकी सत्ता जाण्यात दिसत नाही, ते भीती, संकुचितपणा आणि मेलेल्या सवयी जाण्यात दिसतं. एवढं दोन-तीन साध्या वाक्यांत लिहिलेल्या मुलाला तपासणारा आनंदाने गुण देतो.

सारांश लिहिताना काय गाळायचं ते कळत नाही. (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उदाहरणं, आकडे, अवतरणं, एकच गोष्ट पुन्हा सांगितलेली वाक्यं गाळ. प्रत्येक परिच्छेदातून एक वाक्य काढ, ते उताऱ्यातले शब्द न वापरता लिही, मग वाक्यं जोड. साधारण एक तृतीयांश लांबी. आयसीएसईत सारांश 50 शब्दांच्या चौकटीत लिहायचा असतो, प्रत्येक चौकोनात एक शब्द. शीर्षक विचारलं असेल तर तीन ते सहा शब्द, पूर्ण वाक्य नको.

मी सातवीपर्यंत शिकले. मुलीचं इंग्रजी मला वाचता येत नाही. शिकवणी लावायची ऐपत नाही. परीक्षेला आठ आठवडे आहेत. मी काही करू शकते का? (एक आई, बीड)

ताई, खूप करू शकता.

आठवड्यातले तीन दिवस ठरवा, समजा सोमवार, बुधवार, शनिवार. त्या दिवशी मुलीने एकच काही लिहायचं : एकदा पत्र, एकदा बातमी किंवा गोष्ट, एकदा कवितेचं रसग्रहण. आठ आठवड्यांत चोवीस लेख होतात. तुमच्या हातात घड्याळ. पत्राला बारा मिनिटं, गोष्टीला पंधरा. वेळ संपली की पेन खाली, मजकूर अर्धा असला तरी. परीक्षेत वेळ पुरत नाही तो या सवयीअभावी.

लिहिण्याआधी तिने तुम्हाला सगळं मराठीत सांगावं, दोन मिनिटांत. तुम्ही मध्येच विचारा : कुठे? कधी? मग काय झालं? त्याला कसं वाटलं? जिथे तिला उत्तर देता येत नाही, तिथे तिचा निबंधही पोकळ असणार आहे. हे ओळखायला इंग्रजी लागत नाही.

लिहून झाल्यावर तिने ते मोठ्याने वाचावं. तुम्ही फक्त ऐका. एका दमात वाक्य संपलं नाही, मध्ये श्वास घ्यावा लागला, तर बोट वर करा. ते वाक्य तिने तिथेच दोन करायचं. ती अडखळली तरी बोट वर करा. मूल स्वतःच्या लेखनात अडखळतं तिथे बहुतेक वेळा चूक असते.

चुका दुरुस्त कोणी करायच्या? आठवड्याला तीनपैकी एकच लेख तिने शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना दाखवावा, आणि 'बाई, यातली एकच मोठी चूक सांगा' असं विचारावं. चाळीस मुलांच्या वर्गात पूर्ण पान तपासून मागितलं तर राहून जाईल, एक चूक बाई मधल्या सुट्टीतही सांगतील. ती वर सांगितलेल्या दोन रकान्यांच्या वहीत जायला हवी. आठ आठवड्यांनी त्या वहीत आठच वाक्यं असतील, पण ती तिची स्वतःची असतील.

शेवटच्या दोन आठवड्यांत एका रविवारी पूर्ण तीन तासांचा जुना पेपर सोडवायला बसवा, मध्ये उठणं नाही, पाण्याची बाटली शेजारी. पेन तेच, जे परीक्षेला न्यायचं आहे. नवं पेन परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं की बोटं दुखतात आणि अक्षर बिघडतं. म्हणून दोन पेनं आत्ताच घेऊन ठेवा आणि रोज त्यांनीच लिहू द्या.